वरच्या कोर्टातली तारीख

मयताला नाही म्हणायचं नाही, हा मिस्त्रीचा नियम. जिवंत माणसाला मात्र तो खुशाल तोंडावर नाही म्हणायचा. कपाट हवंय? पुढच्या महिन्यात या. दार फुगलंय? फुगू दे, हवा कोरडी झाली की बसेल आपोआप. पण कुणाकडे कुणी गेल्याचं कळलं, की हातातलं काम बाजूला सारून, गाठी मारलेली दोरी खिशात कोंबून तो निघायचाच. अख्ख्या वस्तीत शवपेट्या करणारा तो एकटा. दोरी डोक्यापासून टाचेपर्यंत धरायची, मग खांद्यांवर आडवी, आणि हे करताना मेलेल्याशी गप्पाही मारायच्या. "जरा सरळ व्हा, काका. आयुष्यभर वाकूनच चाललात, आता तरी ताठ." रडणाऱ्या बायका पदरात तोंड लपवून हसायच्या.

म्हणून मुकादमाचा भाऊ दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शेजाऱ्यांनी कान टवकारले. आता मिस्त्री पटाशी फेकून मारणार, असं सगळ्यांना वाटलं.

भाऊ उंबऱ्याच्या आत आला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, "मिस्त्री, दादा गेले सकाळी."

"ऐकलं." रंधा चालूच होता.

"पेटीचं कसं..."

"करतो. नियम आहे माझा."

"मग मापाला कधी येताय?"

"माप कशाला? तो माणूस माझ्या डोळ्यांत बसलाय. झोपेतून उठवलंत तरी सांगेन. उद्या सकाळी गाडी पाठवा."

भाऊ काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. मिस्त्रीपुढे तोंड उघडायचं म्हणजे धारेवर बोट फिरवण्यासारखं, हे त्याला ठाऊक होतं. तो निघून गेला. त्याने बोलायला हवं होतं, पण ते नंतर.

आता हा मुकादम कोण ते सांगायलाच हवं. वस्तीच्या कडेला लाकडाची मोठी वखार होती आणि तिचा कारभार मुकादमाच्या हातात होता. माणूस हा एवढा आडवा, कपाळावर जुना वण! दारातून आत यायचं तर खांदा तिरका करून यावं लागायचं. मिस्त्री लाकूड त्याच्याकडूनच घ्यायचा. दोघांचं बरं होतं, एकमेकांच्या बिड्या ओढण्याइतकं. म्हणून तर मिस्त्रीने आपल्या एकुलत्या एक मुलाला तिथे कामाला लावलं. पोरगा कामात सारखा शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. हात चांगला होता, पण घाईचा. घरी एक स्टूल केलं होतं त्याने. पायांना सरस लावून शिकंज्यात आवळलं, आणि सरस वाळायच्या आत शिकंजा सोडून टाकला. "बाबा, झालं की!" म्हणे. झालं कसलं, एक पाय कायमचा डुगडुगायला लागला. मिस्त्रीने तेव्हा त्याला चार शिव्या हासडल्या होत्या. आता त्याच स्टुलावर बसून मिस्त्री काम करायचा, आणि पाय दुरुस्त करायचं कुणी नाव काढलं तर अंगावर धावून जायचा.

वखारीत ओंडक्यांची थप्पी उतारावर रचलेली असायची. साखळीने आवळलेली आणि साखळीला आकडा. मुकादमाने हाक दिल्याशिवाय आकड्याला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. एके दिवशी आकडा सुटला आणि ओंडके गडगडत खाली आले. खाली शिट्टी होता.

चौकशी झाली. साहेब लोक आले, उताराचं माप घेतलं, पाणी पिऊन गेले. मुकादमाने सांगितलं, "मी हाक द्यायच्या आत पोरानं आकडा सोडला. घाई नडली." करवतीवरचा माणूस म्हणाला, करवतीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. बाकीचे मूग गिळून बसले. ज्याला घर चालवायचंय त्याला कान नसतात, डोळे तर नसतातच नसतात. निकाल लागला: मयताचा निष्काळजीपणा.

"माझा पोरगा निष्काळजी?" मिस्त्री वखारीच्या फाटकाबाहेर उभा राहून ओरडला होता. "साखळी गंजलेली होती की नव्हती, ते सांग! तू हाक दिली होतीस की नव्हतीस, ते सांग! चोर सोडून संन्याशाला फाशी देता काय रे?" मुकादम आत खिडकीशी उभा होता. त्याने खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं. चर्च एकच, त्यामुळे दर रविवारी गाठ पडायचीच. मुकादम उजव्या बाजूला पुढच्या बाकावर, मिस्त्री डाव्या बाजूला खांबामागे. आणि घरी रोज संध्याकाळी नवराबायको गुडघे टेकून प्रार्थना म्हणायचे, तेव्हा इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की मिस्त्रीला खोकला यायचा. बरोब्बर त्याच ओळीला. बायको एकटीच ती ओळ म्हणायची आणि खोकला थांबेपर्यंत वाट बघायची.

फादर अधूनमधून त्याच्याकडे येऊन बसायचे. हडकुळे, जाड भिंगाच्या चष्म्याचे, चहात बिस्किट बुडवताना हमखास पाडणारे. मिस्त्रीने त्यांना एकदा सरळ विचारलं, "फादर, न्याय होतो का हो कधी? की नुसतंच व्यासपीठावरून सांगायचं?"

"होतो. एकदा नाही, दोनदा होतो," फादर म्हणाले. "माणूस मेला की लगेच त्याचा एकट्याचा होतो. तो त्याचा आणि देवाचा मामला, तिथे आपण कुणी नसतो. दुसरा शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"एकदा निकाल लागल्यावर पुन्हा कशाला? तिथेही अपील चालतं की काय?"

फादर हसले. "निकाल बदलत नाही, मिस्त्री. पण माणसाने केलेलं काही त्याच्याबरोबर मरत नाही ना. एकाचं खोटं दुसऱ्याच्या घरात राहायला जातं, नातवंडांपर्यंत राहतं. म्हणून शेवटी सगळं सगळ्यांदेखत उघडं होणार. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याचा आळ भर सभेत धुऊन निघणार."

मिस्त्रीच्या हातातली पटाशी थांबली. इतक्या वर्षांत कुणी त्याला असं काही दिलं नव्हतं. भर सभेत! करवतवाला ऐकणार, साहेब लोक ऐकणार, वखारीचा मालक ऐकणार. आणि मुकादम मान खाली घालून उभा.

"आणि न्यायाधीश कोण, ते विसरू नका," फादर पुढे म्हणाले. "ज्याच्या हातांत खिळे ठोकले, तो."

"मग उत्तमच. म्हणजे खोटी साक्ष काय असते ते त्याला माहीत आहे."

फादरांनी चहात पडलेलं बिस्किट चमच्याने काढलं. "त्याने ठोकणाऱ्यांसाठी क्षमाही मागितली होती."

"ते त्याचं त्याला लखलाभ."

"मिस्त्री, त्या दिवशी रांगेत तुम्हीही असाल बरं का."

"असेन की! माझं काय आहे लपवण्यासारखं?"

फादरांच्या सगळ्या बोलण्यातून त्याने भर सभेतला तेवढा एकच तुकडा कापून घेतला, बाकीचं भुशात गेलं. तेव्हापासून कुणी मुकादमाचं नाव काढलं, की मिस्त्री बोट वर करायचा. "वरच्या कोर्टात तारीख पडलीय आमची." पोरंटोरं त्याची नक्कल करायची. मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं. इतर लोक जसे बढतीवर नाहीतर मुलीच्या लग्नावर डोळा ठेवून जगतात, तसा तो त्या तारखेवर जगत होता.

मग मुकादम आजारी पडला. पोटाचं काहीतरी होतं, वैद्यकीय नाव कुणाला धड घेता येत नव्हतं. अंथरुणाला खिळला आणि निरोप यायला लागले. आधी भाऊ आला, "दादांना तुम्हाला भेटायचंय." मिस्त्री म्हणाला, "मला नाही भेटायचं." मग फादर आले. "जाऊन या हो एकदा. काय गमावणार आहात?" मिस्त्रीने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शेवटी मुकादमाची बायको स्वतः आली आणि अंगणात उभी राहिली. ही बाई शिट्टीच्या बाप्तिस्म्याला आली होती, पाण्याने डोकं भिजल्यावर रडणाऱ्या पोराला हिनेच पुसून घेतलं होतं.

"भावजी, त्यांना तुमच्याशी बोलायचंय हो. रात्रंदिवस तेच चाललंय. 'मिस्त्रीला बोलवा, मिस्त्रीला बोलवा.'"

"वरच्या कोर्टात भेटू म्हणावं," मिस्त्री म्हणाला, आणि रंधा इतका जोरात मारला की फळीला खाच पडली.

ती गेल्यावर मिस्त्रीची बायको हात पुसत बाहेर आली. "तुम्ही नसाल जात तर मी जाते. बघते तरी काय म्हणतोय."

"त्या उंबऱ्यावर पाय ठेवलास, तर या उंबऱ्याच्या आत येऊ नकोस."

असलं बोलणारा माणूस नव्हता तो. रागीट होता, पण बायकोला तोडून कधी बोलला नव्हता. ती तिथेच पायरीवर बसली. बराच वेळ बसली. मग उठून स्वयंपाकाला लागली, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

तर असा हा मुकादम गेला, आणि त्याची पेटी मिस्त्री करत होता. कामात खोट नाही हं. चांगल्या वाळलेल्या फळ्या, सांधे असे की नख शिरणार नाही. डोळ्यांपुढे मुकादम होता तो वखारीच्या खिडकीतला: रुंद, जाडजूड, दार अडवणारा. त्या मापाने पेटी झाली. भली थोरली. गाडीवाला म्हणाला, "मिस्त्री, यात दोघं मावतील!" मिस्त्री म्हणाला, "तू त्याला बघितलं नाहीस."

चर्चमध्ये तो आत गेला नाही. फाटकाजवळ उभा राहिला. बायकोला सांगितलं, पेटी नीट वर चढते का तेवढं बघतो. बायको आत गेली.

पेटी खांद्यावर घेऊन माणसं पायऱ्या चढायला लागली. पुढचे वर, मागचे खाली, पेटी तिरकी झाली. आणि आतून आवाज आला. काहीतरी सरकत गेलं आणि धप्पकन फळीवर आपटलं. माणसं दचकून थांबली, पेटी सरळ केली, तर ते पुन्हा उलट सरकलं आणि पुन्हा धप्प. मुकादमाची बायको किंचाळली, "अहो, सांभाळा!" ती हे खांदेकऱ्यांना म्हणाली की नवऱ्याला, देव जाणे. सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. मिस्त्रीच्या आयुष्यात त्याच्या पेटीबद्दल कुणी असं मान वळवून बघितलं नव्हतं.

फादरांनी पेटी बाजूच्या खोलीत ठेवायला सांगितली आणि मिस्त्रीला हाताने बोलावलं. झाकण त्यालाच उघडावं लागलं.

आत एक म्हातारा होता. एवढासा. मनगटं बांबूच्या काठीएवढी, कोटात नुसती हवा. एका कोपऱ्यात गोळा होऊन पडला होता, मान वाकडी झालेली. मिस्त्रीला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाला घातलंय. मग कपाळावरचा वण दिसला. आजारात माणूस इतका आटला होता, आणि भाऊ दारात उभा राहून नेमकं हेच सांगायला तोंड उघडत होता.

"रंध्याचे छिलपे आणा पोतंभर," मिस्त्री म्हणाला.

दुकानातून छिलपे आले. ते पातळ कापडात गुंडाळून त्याने दोन्ही बाजूंना भरले, मानेखाली भरले, पायांशी भरले. एका हाताने डोकं उचलून धरायचं आणि दुसऱ्याने भरायचं. डोक्याला वजनच नव्हतं. सवयीने तोंडातून निघालं, "जरा सरळ व्हा..." आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना. ज्याच्याशी भांडायचं होतं तो माणूस कधीच निघून गेला होता, आणि हा मागे राहिलेला कुणाशी भांडण्याच्या लायकीचाही नव्हता.

मुकादमाची बायको शेजारी उभी होती. तिने नवऱ्याचा कोट सारखा केला आणि मिस्त्रीकडे न बघता म्हणाली, "तुमच्या पोराबद्दल सांगायचं होतं त्यांना."

मिस्त्रीचे हात छिलप्यातच राहिले.

"मी म्हटलं, मला सांगा, मी पोचवते. तर म्हणाले, तुला नाही. मिस्त्रीच्या पोराचं आहे, मिस्त्रीलाच सांगणार. तुमची वाट बघितली, भावजी. दार वाजलं की मान वळवायचे. मग काल पहाटे म्हणाले, आता नाही तो येत, फादरांना बोलव. फादर आले, मला बाहेर काढलं, पापांची कबुली झाली. त्यानंतर शांत झोपले. पहिल्यांदा." तिने डोळे पुसले. "तुम्ही पेटी मात्र छान केलीत. मोठी झाली एवढंच."

मयत झालं, माती पडली, लोक पांगले. फादर मागच्या खोलीत अंगावरचा झगा काढत होते, तोच मिस्त्री आत शिरला आणि दार लावून घेतलं.

"काय म्हणाला तो?"

फादरांनी झग्याची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. "मिस्त्री, कबुलीत ऐकलेलं मी बोलू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"शब्द नका सांगू. होय की नाही, एवढंच. माझ्या पोराची चूक होती की नव्हती?"

"होय म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. कुणाचं नाव निघालं की नाही, तेही सांगता येत नाही."

"अहो, मेला तो! आता कुणाचं गुपित राखताय? माझ्या पोराला लोक अजून निष्काळजी म्हणतात, आणि खरं काय ते तुमच्या या, या पोटात आहे!" मिस्त्रीने त्यांचा सदरा धरला होता. "तुमचा देवही त्याच वखारीत कामाला होता काय? तोही करवतीच्या आवाजात होता?"

फादरांनी सदरा सोडवून घेतला नाही. त्यांचे डोळे भिंगामागे भरले होते, पण त्यातूनही काही कळेना. एवढ्या वर्षांत या माणसाला एक बिस्किट धड बुडवता आलं नव्हतं, पण तोंड मिटायला मात्र तो पक्का शिकला होता.

"मी तुमच्याकडे आलो होतो, मिस्त्री," ते हळू म्हणाले. "जाऊन या म्हणालो होतो."

"मग आता मला कळणार कधी?"

उत्तराची गरजच नव्हती. कधी ते मिस्त्रीला तोंडपाठ होतं. गावभर बोट वर करून तोच सांगत फिरला होता.

घरी आला तर बायको दारातच उभी होती. तिला मुकादमाच्या बायकोने सगळं सांगितलं होतं. तरी तिने विचारलं, "काय म्हणाले फादर?"

"सांगता येत नाही म्हणाले."

तो स्टुलावर बसला, स्टूल एका पायावर कललं, आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं, जे त्याने स्वतःलाही कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

"मला भीती वाटत होती गं. तो तोंडावर म्हणाला असता, तुझ्या पोरानंच सोडला आकडा, तर? मरणारा माणूस खोटं बोलत नाही. झाकली मूठ होती, ती झाकलेलीच बरी वाटली. हे स्टूल बघितलं की मला वाटायचं... पोराला वाट बघायची सवयच नव्हती."

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला काय वाटतं ते. तुम्ही ते स्टूल का दुरुस्त करत नाही, ते काय मला कळत नव्हतं?" ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. "सोडला असेल त्यानं आकडा. मग काय झालं? माझा नव्हता का तो? मला चूक कुणाची ते नकोच होतं हो. मुकादम तिथे होता. शेवटचं त्याने बघितलं त्याला. पोरगं काही बोललं का, हाक मारली का, शिट्टी वाजवत होतं का, एवढंच विचारायचं होतं मला. तुम्ही गेला नसतात तर नसतात. मला तरी जाऊ द्यायचं."

तिला काही विचारायचं असेल, हे इतक्या वर्षांत मिस्त्रीच्या डोक्यातच आलं नव्हतं. वरच्या कोर्टात त्याने सगळ्यांना उभं केलं होतं, साहेब लोकांना, करवतवाल्याला, मालकाला. हिला कुठे जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळ झाली. रोजच्यासारखे दोघं क्रूसासमोर गुडघे टेकून बसले आणि प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली. मिस्त्रीला खोकला आला नाही. त्याने ती ओळ म्हटली, सगळी, घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द.

त्याला एकट्याचाच आवाज ऐकू आला. त्याने बाजूला बघितलं. बायकोने ओठ घट्ट मिटले होते, नजर समोर होती, आणि त्याने पुढची ओळ म्हणायची ती वाट बघत होती.